पाचवा फर्मा

विद्यापीठाचे साहाय्यपत्र आले तेव्हा बाइंडर आपल्या कारखान्यात एका जाडजूड शब्दकोशाचा कणा हातोडीने हलके हलके गोल करीत बसला होता. सरसाचे भांडे मंद आचेवर होते. वरच्या मजल्यावरून त्याची लेक जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आली आणि दारातूनच ओरडली,

"बाबा, शंभरातले शहाण्णव!"

"कशात?"

"अहो, मार्क नाहीत. फी! शंभरातले शहाण्णव साहाय्य मंजूर झालंय. आपण भरायचे फक्त चार."

बाइंडरने हातोडी खाली ठेवली. खासगी विद्यापीठाच्या शुल्काचा आकडा त्या घरात तीन महिने कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. दुखऱ्या दाताला जीभ लागू नये तसे सारे त्याला वळसा घालून बोलत. आता तो आकडा एकदम मवाळ होऊन दारात उभा राहिला होता.

लेकीला नद्यांचे शास्त्र शिकायचे होते. हे वेडही कारखान्यातूनच लागलेले. छापखान्यातून बांधणीसाठी सुटे फर्मे येत. एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापून त्याची घडी घातली की फर्मा होतो, आणि असे फर्मे क्रमाने शिवले की पुस्तक. त्या फर्म्यांतले हाती लागेल ते ती लहानपणापासून वाची. आठव्या वर्षी तिने नदीच्या गाळावरचा एक फर्मा अथपासून इतिपर्यंत वाचून काढला आणि पुढचा फर्मा येईपर्यंत आठवडाभर बापाला भंडावून सोडले. बाप स्वतः मात्र कधी वाचीत नसे. त्याच्या गुरूंचा दंडक होता की बांधणाऱ्याने वाचायचे नाही. वाचणाऱ्याचा हात मंदावतो, आणि मंदावलेल्या हाताची शिवण सैल पडते. तीस वर्षे त्याने हा दंडक व्रतासारखा पाळला होता. हजारो पुस्तके त्याच्या हातांखालून गेली, पण त्यांतले अक्षर त्याच्या डोळ्यांत उतरले नाही.

संध्याकाळी पाळी संपवून त्याची बायको घरी आली. ती रुग्णालयात परिचारिका होती, आणि कोणताही कागद ती औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा, खालून वर वाची.

"शिष्यवृत्ती बावीस. अनुदान चौदा. आणि हे 'विलंबित सहभाग' साठ. हे काय प्रकरण आहे ग?"

"साहाय्यच आहे, आई. वर मथळाच आहे ना साहाय्यपत्र म्हणून."

"बाटलीवर मथळा काहीही असतो, बाई. आत काय भरलंय ते बघायचं. सगळ्यात मोठा डोस याचाच आहे, आणि नाव मात्र असं गुळगुळीत." ती नवऱ्याकडे वळली. "जामीनदार म्हणून तुम्हाला सहीला बोलावलंय ना? मग नीट विचारून या. नाही समजलं तर नाही समजलं म्हणा. मान डोलवत बसू नका."

"मी कधी मान डोलवतो?"

"आत्ता डोलवताय."

सहीची मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत होती. शुक्रवारी दोनच्या सुमारास बापलेक विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले. फिकट दगडाच्या त्या इमारती शहराच्या टोकाला एखाद्या प्राचीन मठासारख्या शांत उभ्या होत्या. हिरवळ अशी कापलेली की एक पाते दुसऱ्याहून उंच नव्हते. फाटकावरच्या दरवानाच्या मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या, पण त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोराचे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते: विद्यार्थी.

बाइंडरला राहवले नाही. "काय दादा, नातवाचं कार्ड घालून आलात वाटतं?"

"नाही हो, माझंच आहे. फोटो जुना आहे जरा."

"जरा नाही, चांगलाच जुना आहे."

"बदलून देत नाहीत," दरवान हसून म्हणाला. "साहाय्य कक्ष ना? सरळ जा. बहुतेक सगळे तिथंच जातात."

लांबलचक दालनातून जाताना तरुण मुलामुलींचे घोळके हसत-खिदळत त्यांच्या अंगावरून गेले. लेकीचे डोळे त्यांच्यामागे धावत राहिले. बापाचे डोळे मात्र दुसरीकडे होते. फरशी पुसणाऱ्या बाईच्या गळ्यात तसेच ओळखपत्र होते. शिडीवर उभा राहून दिवा बदलणाऱ्या टकल्या गृहस्थाच्या गळ्यातही. फरशी पुसणारी बाई फडक्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर काही पुटपुटत होती. जवळून जाताना त्याला ऐकू आले. कसलेसे गणिती सूत्र ती टप्प्याटप्प्याने, न चुकता सोडवीत होती. आणि उत्तराशी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, काय बघताय?"

"काही नाही. फरशी फार स्वच्छ आहे."

साहाय्य कक्षात ओळीने सात मेजे होती. तिसऱ्या मेजामागे बसलेल्या समुपदेशक बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोघांना नमस्कार केला. केस शुभ्र, वाणी मृदू. छातीवरच्या ओळखपत्रात दोन वेण्यांची एक मुलगी, कोणी अचानक हाक मारावी तशी, जरा दचकून पाहत होती.

बाइंडरने बायकोचे शब्द आठवले आणि मान ताठ ठेवली. "बाई, आम्हाला यातलं काही समजलेलं नाही. पहिल्यापासून सांगा."

"छान केलंत, विचारलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत." बाईंनी पत्र सरळ केले. "शिष्यवृत्ती बावीस. ही तुमची. परत मागत नाही. अनुदान चौदा. हे दर वर्षी गुणांवर अवलंबून. गुण घसरले की अनुदान गेलं. आणि विलंबित सहभाग साठ. हे कर्ज आहे."

"कर्ज?" लेक म्हणाली. "मग साहाय्यात कसं धरलं?"

"कर्ज मिळणं हेही साहाय्यच, असं इथलं मत आहे."

"पण 'कर्ज' हा शब्द पत्रात कुठंच नाही."

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो शब्द वाचून लोक घाबरतात."

मग त्यांनी इतक्या निर्मळपणे सारा हिशेब उलगडला की बाइंडरला त्यांच्याविषयी आदरच वाटू लागला. फेड पदवीनंतर सहा महिन्यांनी सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालते, आणि न भरलेले व्याज वर्षाच्या शेवटी मुद्दलात जाऊन बसते. शुल्काचे शंभर भाग धरले तर दर वर्षी साठ, चार वर्षांचे दोनशे चाळीस. अकरा टक्क्यांनी पदवीच्या दिवशी त्यांचे तीनशे चौदा झालेले असतात.

"त्यानंतर वर्षाला साडेचौतीस भाग भरले तर फक्त व्याज फिटतं," बाई म्हणाल्या. "त्याहून कमी भरले तर कर्ज वाढत जातं. जास्त भरले तरच मुद्दल हलतं."

"आणि सगळ्यांना भरता येतात?"

"काहींना येतात."

"किती जणांना?"

"ते पुन्हा इकडे फिरकत नाहीत, बाळ. त्यामुळं मोजता येत नाही."

लेकीने ओठ चावला. "तुम्ही इथंच शिकलात ना? तुमचं कधी फिटलं?"

"चालू आहे," बाई हसल्या, आणि मेजाच्या खणातून करारपुस्तिका काढून त्यांनी बाइंडरपुढे ठेवली. "शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या. वाचून घ्या. चारपर्यंत वेळ आहे."

बाइंडरने पुस्तिका हातात घेतली. वाचण्यासाठी नव्हे, हाताला तशी सवयच नव्हती. कोणतेही पुस्तक हाती आले की त्याचा अंगठा आधी कण्याशी जाई. त्याने पुस्तिका किंचित वाकवली, मुखपृष्ठाची कड सैल करून कण्याच्या फटीत पाहिले, आणि त्याचा अंगठा तिथेच थांबला.

प्रत्येक फर्म्याच्या घडीवर छापखाना एक काळी खूण छापतो. पहिल्याची सर्वांत वर, दुसऱ्याची त्याखाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे बरोबर जुळले की त्या खुणा कण्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात, आणि एखादा फर्मा राहिला तर तिथे पायरी गळते. या कण्यावर चार पायऱ्या होत्या, मग एक रिकामी जागा, मग सहावी.

त्याने पृष्ठांक पाहिले. चौसष्टनंतर पासष्ट. अंकांना काही ठाऊक नव्हते.

मग त्याने शिवणीचे शेवट पाहिले. दोऱ्याची अखेरची गाठ डावीकडे वळवून आत दडवलेली होती. तशी गाठ त्याच्या गुरूंनी त्याला शिकवली होती. गुरू गेल्यावर ती जगात एकाच माणसाच्या बोटांत उरली होती.

"बाबा, तुम्हाला घाम आलाय."

"ही मी शिवलीय," बाइंडर म्हणाला.

अकरा वर्षे एका छापखान्याकडून हे काम येत असे. सहा फर्म्यांचे गठ्ठे. मुखपृष्ठ छापखाना स्वतः चढवी, म्हणून पुस्तिका कोणाची, हे त्याला कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यांतला पाचवा फर्मा, ज्यावर पृष्ठांकही नसत, वगळायचा आणि मोहोरबंद गठ्ठ्यात परत धाडायचा, अशी लेखी सूचना होती. बाइंडर ती सूचना तंतोतंत पाळी. छापखान्याचे काही कारण असेल. न वाचणाऱ्याला कारण विचारण्याचा अधिकार नसतो, असे त्याला मनापासून वाटे.

मात्र त्या फर्म्याचे छपाईत डागाळलेले कागद छापखाना परत मागत नसे. चांगला कागद वाया घालवणे बाइंडरच्या जिवावर येई. तो त्या कागदांच्या पट्ट्या कापून कण्याला आतून अस्तर म्हणून चिकटवी.

त्याने खिशातली, कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी काढली, जी त्याच्या अंगावर सदऱ्याच्या गुंडीइतकी कायमची असे, आणि मुखपृष्ठ कण्यापासून अलगद सोडवू लागला. समुपदेशक बाईंनी त्याला अडवले नाही. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहत राहिल्या. सरस सुटला. खाली बोटभर रुंदीच्या दोन छापील पट्ट्या उघड्या पडल्या. कडांना अक्षरे कापली गेली होती.

तीस वर्षांत पहिल्यांदा बाइंडरने आपल्या कामावरचे अक्षर वाचले. मोठ्याने वाचले, कारण मनात वाचायची सवय राहिली नव्हती.

"'...शिल्लक असेल, त्याचे शिक्षण अपूर्ण मान...'" तो दुसऱ्या पट्टीकडे सरकला. "'...आवारात सेवा देईल. सेवेचे मूल्य व्या...'"

पट्टी तिथे संपली होती.

"व्याजात वळते करण्यात येईल," समुपदेशक बाई म्हणाल्या.

बाई डोळे मिटून, संथा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या एकसुरी लयीत पुढे बोलू लागल्या. "कलम तिसरे. ज्या विद्यार्थ्याचा विलंबित सहभाग शिल्लक असेल, त्याचे शिक्षण अपूर्ण मानण्यात येईल. कलम चौथे. अपूर्ण शिक्षणाचा विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात सेवा देईल..."

चौथ्या मेजामागून एक घोगरा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला. मग सहाव्या मेजामागून. कोणी मान वर केली नव्हती. कोणी शिक्के मारीत होते, कोणी लिफाफे चिकटवीत होते, आणि ओठ एका तालावर हलत होते. दाराबाहेर दालनातली बाई फडके थांबवून उभी राहिली आणि तीही म्हणू लागली. तिच्या मागून शिडीवरचा गृहस्थ. सर्वांचे उच्चार शुद्ध होते. एकाही अक्षराला धक्का लागत नव्हता. सातवे कलम संपले तशी ती लय जशी उमटली होती तशीच विरून गेली, आणि शिक्क्यांचा ठकठक आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

लेकीने बापाचा दंड घट्ट धरला होता.

"रात्री घरी जात नाही तुम्ही?" तिने विचारले.

"वसतिगृह आहे की. खोल्या चांगल्या आहेत."

बाइंडर उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. "चल. मी सही करणार नाही."

"बाबा, थांबा."

"थांबू काय? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. पण तुमच्या एका नाहीने माझं सगळं आयुष्य ठरायचं का?" तिने करारपुस्तिका आपल्याकडे ओढली. "मी फेडीन. नोकरी करीन, दोन करीन. तुम्हाला काय वाटतं, मला हिशेब येत नाही? साडेचौतीसपेक्षा जास्त भरायचे, एवढंच ना?"

"एवढंच," समुपदेशक बाई म्हणाल्या. "आणि वडिलांची सही नसली तरी अडत नाही. सातवं कलम. जामीनदार ऐच्छिक आहे. तुझी एकटीची पुरते, बाळ. तू सज्ञान आहेस."

बाइंडर पुन्हा खुर्चीत बसला. इतका वेळ त्याला वाटत होते की दाराची कडी आपल्या हातात आहे. ती तशी नव्हतीच. त्याने लेकीकडे पाहिले. ती पेनाकडे पाहत होती.

"फक्त पहिल्या दोन ओळी घेतल्या तर?" लेक हळू म्हणाली. "बावीस आणि चौदा. कर्ज नको. छत्तीसात जेवढे विषय बसतील तेवढेच शिकीन."

बाईंच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी सरकून गेले, पाण्याखालून मासा जावा तसे. "असं आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्या पत्राकडे पाहत राहिल्या. "नाही. तिन्ही ओळी एकत्रच स्वीकाराव्या लागतात."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. लेकीने पेन उचलले. बापाची नजर शिवणीवर होती. पुस्तिका त्यानेच शिवली होती. टाका घट्ट होता, समान अंतरावर होता, आणि कोणीही परीक्षा घेतली असती तरी त्यात खोट निघाली नसती.

शेवटचे पान उघडून लेक थबकली. "तुमचा विषय कोणता होता, बाई?"

"नद्या," बाई म्हणाल्या.

लेकीने मान वर केली.

"जलविज्ञान म्हणतात. तू अर्जात लिहिलंयस तेच." बाईंच्या चेहऱ्यावर हलकेच उजेड आला. "वळणावर गाळ आतल्या काठाला का साचतो, ते मी अजून फळ्यावर काढून दाखवीन. प्रवाह बाहेरच्या काठाला वेगात असतो ना, म्हणून तो काठ खात जातो, आणि आतल्या काठाला ओझं टाकून देतो."

"कोणत्या नदीवर काम केलंत?"

"पश्चिमेच्या गच्चीवरून एक दिसते," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर. झाडांची पानं गळली की."

"गेला नाहीत कधी?"

बाईंनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली, जणू एखादे सोपे उत्तर जिभेच्या टोकावर येऊन अडले होते. ओळखपत्रातली दोन वेण्यांची मुलगी तशीच दचकून पाहत होती.

"फाटकापर्यंत गेले होते एकदा," त्या अखेर म्हणाल्या. "मग कोणीतरी हिशेब विचारायला आलं."

लेकीने पेन मेजावर ठेवले. आदळले नाही, फेकले नाही. टोपण लावून, आडवे ठेवले. मग तिने पुस्तिका मिटली आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढ्यात सरकवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला सुचत नव्हते.

"मी येत नाही, बाई."

"ठीक आहे," समुपदेशक बाई म्हणाल्या. त्यांनी खणातून एक ओळखपत्र काढले. त्यावर लेकीने अर्जासोबत धाडलेले छायाचित्र आधीच छापलेले होते, खाली शब्दही होता. त्या ते तिला देणार असे वाटले, पण त्यांनी ते जपून परत ठेवले. "जागा आम्ही ठेवून देतो. या वर्षी. पुढच्याही वर्षी. केव्हाही ये."

"ते मला द्या."

"छायाचित्रं परत करत नाही, बाळ."

बाइंडर पुढे झाला. त्याने खण ओढला, ओळखपत्र उचलले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या मेजावरची वस्तू न विचारता घेतली होती. कोणी आरडाओरडा केला नाही. सातही मेजांवरची शिक्क्यांची ठकठक मात्र थांबली, आणि ते दोघे दाराबाहेर पडेपर्यंत सुरू झाली नाही.

फाटकावर दरवानाने विचारले, "झाली सही?"

"नाही केली," लेक म्हणाली.

दरवानाने फाटक उघडले. सताड उघडले, दोन माणसांना लागते त्याहून कितीतरी रुंद, आणि उघडेच धरून ठेवले. तो रस्त्याकडे पाहत होता. त्याच्या बुटांची टोके फाटकाच्या लोखंडी पट्टीला टेकली होती, तिच्या अलीकडे.

परतीची बस अर्धी रिकामी होती. लेक खिडकीशी बसली होती. ती रागावली आहे की दमली आहे हे बापाला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. तिच्या नद्या त्याने वाचवल्या की हिरावल्या, याचा उलगडा त्या बसमध्ये होण्यासारखा नव्हता. पुढच्या आठवड्यात ती कुठे अर्ज करील, कोणत्या स्वस्त कॉलेजात तिचा विषय असेल की नसेल, काही ठाऊक नव्हते. आज शुक्रवार आहे आणि ती शेजारी बसली आहे, एवढेच काय ते ठाऊक होते.

"बाबा."

"बोल."

"तशा पुस्तिका किती बांधल्यात तुम्ही?"

ठाऊक नाही असे म्हणावे, हा मोह त्याला झाला. पण बाइंडरला आपल्या प्रती नेहमी ठाऊक असतात. "वर्षाला सातशे. अकरा वर्षं."

तिने गुणाकार केला असावा, कारण तिने डोळे मिटले. आकडा मात्र उच्चारला नाही.

"पुढचा गठ्ठा कधी यायचाय?"

"सोमवारी."

"मग?"

"आधी वाचीन," बाइंडर म्हणाला. "सगळं. किती वेळ लागायचा तो लागू दे. आणि मग सहाही फर्मे शिवीन. क्रमाने."

"छापखाना काम काढून घेईल."

"घेईल."

"आई काय म्हणेल?"

बाइंडर आपल्या बोटांकडे पाहत होता. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, कोणी न सांगता, मांडीवर ती गाठ बांधीत होती. त्याने दुसऱ्या हाताने ती बोटे धरली आणि घर येईपर्यंत धरून ठेवली.